दुसरं पिल्लू गेलं का?

सकाळपासून तो व्हिडिओ चार ग्रुपवर येऊन गेला. रात्रीचा जंगलातला रस्ता, अस्वलाची मादी, पाठीवर पिल्लू. गाडीच्या झोतात ती भांबावून गोल फिरतेय, मागून हॉर्नवर हॉर्न, आणि गाडीत खिदळणं. "पळव रे, पळव!" खाली कोणीतरी लिहिलंय, "आता हे पण रोडवर यायला लागले."

रस्ता आधी की अस्वल आधी, हा वाद मी इथे घालणारच नाहीये. तुम्ही माझ्या यादीत आहात म्हणजे तेवढं कळतं तुम्हाला. पण ते खिदळणं काही केल्या कानातून जात नाहीये.

कारण मी हे पाहिलंय. बारा-तेरा वर्षं झाली. मामा गाडी चालवत होता, मी शेजारी, आई मागे डुलक्या घेत. एका वळणानंतर साइडपट्टीवर काळा ढीग हलला. मामाने गाडी थांबवली, इंजिन बंद, दिवे बंद. "काच वर घे आणि गप्प बस." डोळे अंधाराला सरावल्यावर दिसलं: अस्वलाची मादी, तिच्या पाठीवर केस घट्ट धरून बसलेलं एक पिल्लू, आणि मागे लुटुलुटु दुसरं. ती डांबरापर्यंत यायची, नाक वर करून हुंगायची, मागे जायची. तीन वेळा. चौथ्यांदा निघाली आणि पार झाली. दुसरं पिल्लू मधल्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत आलं, तेवढ्यात लांबून ट्रकचे दिवे. ते वळून परत अलीकडे.

ट्रक गेला. मग अजून एक. मग एक बस.

गाडीखाली मेलेली अस्वलं निदान मोजता तरी येतात हो. अलीकडेच थांबून राहिलेली कोण मोजणार? कॅनडात अल्बर्टामध्ये ग्रिझली, म्हणजे तिकडच्या मोठ्या तपकिरी अस्वलांना माग काढणारी कॉलर लावून हे पाहिलंय. दिवसाला वीसपेक्षा कमी गाड्या असलेल्या रस्त्याजवळ ती वावरतात, ओलांडतातही. वीस ते शंभर गाड्या झाल्या की टाळायला लागतात. शंभरच्या वर गेलं की तो रस्ता म्हणजे भिंतच. शंभर गाड्या दिवसाला! आपल्याकडे त्याला कोणी वर्दळसुद्धा म्हणणार नाही. भिंतीपलीकडचं पाणी, फळं, वारुळं, जोडीदार, सगळं नकाशावर जागच्या जागी असतं आणि अस्वलाच्या लेखी संपलेलं असतं. जी ओलांडतात ती रात्री, वाहतूक विरळ झाल्यावर. म्हणजे झोपेचं वेळापत्रकसुद्धा आपण ठरवायचं.

आणि "मग रस्त्याकडेला चरायला का येतात?" म्हणणाऱ्यांनो, कडेची झाडं तोडून ऊन कोणी पाडलं तिथे? उन्हाने गवत लवकर येतं, झुडपांना फळं धरतात. पिल्लंवाल्या माद्यांचं तर अजूनच अवघड. मोठे नर पिल्लं मारतात. ते नर माणसांपासून लांब राहतात, म्हणून काही माद्या उलट आपल्याजवळ येतात. अमेरिकेत ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानात ३९९ नंबरची ग्रिझली होती, जगभर प्रसिद्ध. २०२० मध्ये एकदम चार पिल्लं घेऊन गुहेतून बाहेर आली होती. आयुष्यभर रस्त्याच्या कडेकडेने पिल्लं वाढवली तिने, फोटोवाल्यांच्या रांगांसमोर. २२ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री गाडीखालीच गेली. अठ्ठावीस वर्षांची होती, वर्षाचं पिल्लू बरोबर होतं. त्या ड्रायव्हरची चूकही नव्हती म्हणे. म्हणजे चिडायलासुद्धा माणूस नाही.

हां, रस्ते लागतात. त्या रात्री आम्हीही त्याच रस्त्याने चाललो होतो, आणि कोणाला तरी मध्यरात्री दवाखान्यात न्यायलाही तोच लागतो. मान्य. पुढे.

कारण उपाय नाही असं नाही ना! कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गाला दोन्हीकडे कुंपण घातलं, ४४ ठिकाणी प्राण्यांसाठी वरून-खालून वाटा काढल्या. गाड्यांखाली येणारे प्राणी ऐंशी टक्क्यांहून कमी झाले. ग्रिझलींना वरचे रुंद, मोकळे पूल आवडतात, तिकडची काळी अस्वलं अरुंद बोगद्यांतूनही जातात. पण ग्रिझलींना त्या पुलांवर विश्वास बसायला काही वर्षं लागली. आपल्याकडे पहिल्याच वर्षी कोणीतरी रिकाम्या पुलाचा फोटो टाकून "पैसे पाण्यात" लिहिलं असतं. मीच लाइक केला असता कदाचित.

आणि सगळीकडे पूलच हवा असंही नाही. लाकूड काढायला पाडलेल्या कच्च्या वाटा काम संपल्यावर तशाच उघड्या राहतात, त्यांवरून बंदूकवाले, हौशी सगळे आत जातात. बॅन्फच्याच भागातले माणसाच्या हातून झालेले ग्रिझलींचे मृत्यू बहुतेक रस्त्यांपासून पाचशे मीटरच्या आतले आहेत. म्हणून तिकडे काही वाटांना सरळ फाटक लावून कुलूप घालतात. एक फाटक, एक कुलूप. याला काय मोठी योजना लागते?

बरं, आता ते राहिलेलं सांगून टाकते. बस गेल्यावर अस्वलाची मादी पलीकडे उभी होती, तोंडाने फुसफुस आवाज करत, पिल्लाला बोलवत असावी. आणि मी मामाला म्हटलं, "एकदाच लाइट लाव ना, नीट दिसत नाहीये." तो नको म्हणत होता. मी हट्ट केला. त्याने सेकंदभर लावला. दोन डोळे चमकले आणि ती झाडीत गेली. आम्ही दिवे बंद करून अजून वीस मिनिटं थांबलो. ती आली नाही. अलीकडच्या पिल्लाचाही आवाज थांबला. मग माझी आई उठली, "काय झालं, का थांबलोय?" मामाने गाडी सुरू केली आणि घरापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

म्हणून त्या व्हिडिओतल्या पोरांवर ओरडायचा मला फारसा हक्क नाहीये, माहितीये मला. तरी ओरडले.

व्हिडिओ सतरा सेकंदांचा आहे. तिच्या पाठीवर एकच पिल्लू दिसतं. अस्वलांना बहुतेक वेळा दोन होतात. ग्रुपवर मी एवढंच विचारलं, "दुसरं होतं का रे? गेलं का पलीकडे?"

दुपारपासून दोन हसरे इमोजी आलेत फक्त.