ठिसूळ हाडं, डेक्साचा आकडा आणि कूर्चा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप तीन. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे ओआय (हाडं सहज मोडणारा जन्मजात आजार) झालेल्या मुलांच्या हाडात खनिज दाट असतं असं मी आधी लिहिलं, पण तुमच्या भाच्याच्या डेक्सामध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रे तपासणीत, घनता कमी आली. मग भरपूर कॅल्शियम का देऊ नये? आणि कूर्चेतही (हाडांच्या टोकांशी असणाऱ्या लवचीक ऊतीतही) कोलाजेन हे धाग्यासारखं प्रथिन असताना मी म्हटलं तशी ‘कूर्चा सुखरूप’ कशी? तिसरा आक्षेप मान्य. पहिले दोन नाहीत.

डेक्सा दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम खनिज आहे ते सांगतं. ओआयमध्ये हाडाची भिंत पातळ, आतली जाळी विरळ, त्यात मूल वयाच्या मानाने लहान. आकडा खाली येणारच. पण त्याच पातळ भिंतीचा कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तर त्यात खनिज नेहमीपेक्षा जास्त सापडतं. विटा कमी, पण प्रत्येक वीट जास्त भाजलेली.

मूळ दोष बहुतेकदा हाडातल्या मुख्य कोलाजेनमध्ये, कोलाजेन-1 मध्ये असतो. ही तिपेडी वेणी: दोन पेड अल्फा-1 चे, एक अल्फा-2 चा. प्रत्येक पेडात दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीन, कारण वेणीच्या मधोमध त्याच्याएवढंच बारीक काही मावतं. तिथे सेरीन किंवा आर्जिनीन आलं की कार्बॉक्सी टोकाकडून वर घातली जाणारी वेणी त्या जागी अडखळते. तेवढ्या वेळात विकरं न गुंफलेल्या भागातल्या लायसीनवर हायड्रॉक्सिल आणि त्यावर साखर चढवत राहतात. अशा जाडावलेल्या साखळ्या, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर मागे रेंगाळतात. प्रयोगशाळेत हीच खूण शोधतात. अल्फा-1 च्या दोन जनुक-प्रतींपैकी एक अशी बिघडली तर चारातल्या तीन वेण्या सदोष निघतात. याउलट एक प्रत नुसतीच गप्प बसली तर माल अर्धा, पण चोख. ओआयचा पहिला, सौम्य प्रकार तो हाच.

सदोष धाग्यांवर खनिजाचे स्फटिक बारीक आणि खच्चून बसतात. हाड कडक होतं, पण चिवटपणा जातो. घरी बघायचं तर कोंबडीचं एक स्वच्छ, बारीक हाड चार-पाच दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा, मध्ये एकदा व्हिनेगर बदला. खनिज विरघळून ते वाकू लागेल. दुसरं गॅसवर पांढरं होईपर्यंत जाळा (खिडकी उघडी ठेवा, वास येतो). त्यात फक्त खनिज उरतं, आणि ते चिमटीत चुरतं. ओआयचं हाड या दुसऱ्याच्या दिशेला झुकलेलं असतं.

आता कूर्चा. तिथे मुख्यतः कोलाजेन-2, त्याचं जनुक वेगळं, बाराव्या गुणसूत्रावर. म्हणून कोलाजेन-1 च्या दोषात कूर्चेचा मुख्य धागा शाबूत असतो. पण ‘सुखरूप’ हा शब्द चुकलाच. सीआरटॅप किंवा पी3एच1 जनुकात दोष असेल तर एका ठराविक प्रोलीनवर, 986 व्या, हायड्रॉक्सिल चढत नाही, आणि हे काम दोन्ही कोलाजेनांना लागतं. शिवाय कोणत्याही तीव्र ओआयमध्ये वाढीची कूर्चा-पट्टी विस्कटू शकते. एक्स-रेत गुडघ्याजवळ लाह्यांसारखे ठिपके दिसतात ते त्याचेच.

कॅल्शियम वयाला लागतं तेवढं हवंच. ओआयमध्ये दिल्या जाणाऱ्या पामिड्रोनेट या औषधाच्या आधी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढावी लागते, नाहीतर औषधानंतर रक्तातलं कॅल्शियम घसरतं. पण जादा दिल्याने वेणी सुधारत नाही, आणि ओआयच्या काही मुलांत लघवीतलं कॅल्शियम मुळातच जास्त असतं. पामिड्रोनेटही वेणी सुधारत नाही, फक्त हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरतं. त्या थंडावल्या की वाढीच्या पट्टीखालची चुनखडलेली कूर्चा तशीच मागे राहते. भाच्याच्या एक्स-रेत हाडाच्या टोकाशी झेब्र्यासारख्या आडव्या पांढऱ्या रेघा असतील तर घाबरू नका. प्रत्येक रेघ म्हणजे औषधाचा एक फेरा.