सॅलरी कॅप थोतांड नाही, ती उधारीची वही आहे

मार्च आला की एनएफएलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचं, नवं वर्ष सुरू होतं. त्याच सुमारास आमच्या कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर सॅलरी कॅपबद्दल, म्हणजे संघाने वर्षभरात खेळाडूंवर किती खर्च करायचा या मर्यादेबद्दल, एक मजकूर हमखास फिरतो: ‘सॅलरी कॅप हे थोतांड आहे. करार जरा फिरवला की आकडा गायब. खेळाडू नकोसा झाला तर ट्रेड करायचा आणि मोकळं व्हायचं. न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्सकडे बघा, दरवर्षी मर्यादेच्या वर असतात, काय बिघडलं त्यांचं? चांगला खेळाडू सोडला याचा अर्थ एवढाच, की मालक कंजूष.’

हे वाचून नव्याने खेळ बघणाऱ्यांचा गैरसमज होतो आणि अर्धा खेळ त्यांना कळतच नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘आकडा गायब होतो’ यापासून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं यावरच उभं आहे. समजा एका खेळाडूच्या कराराची यंदा धरून पाच वर्षं उरली आहेत आणि यंदाचा पगार 2 कोटी 12 लाख डॉलर आहे. संघ त्याला म्हणतो, 12 लाख पगार म्हणून घे, उरलेले 2 कोटी बोनस म्हणून आत्ताच देतो. खेळाडूचं काहीच जात नाही, उलट पैसे लवकर हातात येतात. नियमाप्रमाणे बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागून कॅपमध्ये धरता येतो, म्हणजे वर्षाला 40 लाख. यंदा त्याच्या नावावर फक्त 52 लाख लागतात आणि 1 कोटी 60 लाखांची जागा मोकळी होते. इथपर्यंत फॉरवर्ड करणारे बरोबर आहेत.

पण पुढच्या चारही वर्षांत ते 40 लाख मानगुटीवर बसलेले असतात. दोन वर्षांनी त्या खेळाडूचा गुडघा गेला आणि त्याला काढावं लागलं, तर उरलेले 1 कोटी 20 लाख साधारणपणे एकदमच वहीत येतात. यालाच ‘डेड मनी’ म्हणतात: माणूस संघात नाही, पण त्याच्या नावाची जागा अडलेली. एकही डॉलर गायब होत नाही, फक्त तारीख बदलते.

आता ‘ट्रेड केलं की सुटका’. याच्या नेमकं उलट आहे. खेळाडू दुसरीकडे पाठवला, तरी आधी दिलेल्या बोनसचा न धरलेला हिस्सा जुन्याच संघाच्या माथी राहतो. नव्या संघाला फक्त पुढचा पगार उचलावा लागतो. आमच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी मार्च 2025 मध्ये डीबो सॅम्युअलला वॉशिंग्टनला दिलं. बदल्यात मिळाली ड्राफ्टमधली, म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांमधली, पाचव्या फेरीची एक निवड, आणि वर 3 कोटी डॉलरहून जास्त डेड मनी. सांता क्लाराच्या स्टेडियममध्ये ज्याच्या नावाची जर्सी घालून पोरं नाचली, तो दुसऱ्याकडून खेळत होता आणि जागा आमची अडली होती. हे ज्याला मोकळं होणं वाटतं, त्याने तो आकडा पुन्हा वाचावा.

रसेल विल्सनचं प्रकरण तर याहून मोठं. डेन्व्हर ब्रॉन्कोसने 2022 मध्ये त्याचा करार पाच वर्षांनी वाढवला, 24 कोटी 50 लाखांचा. दोन हंगामांत त्याला सोडावं लागलं. साडेआठ कोटींचा डेड मनी त्यांनी दोन वर्षांत विभागला: 2024 मध्ये 5 कोटी 30 लाख, 2025 मध्ये उरलेला. 2024 ची कॅप 25 कोटी 54 लाख होती, म्हणजे पाचवा हिस्सा संघात नसलेल्या माणसावर. तोच विल्सन त्या वर्षी पिट्सबर्गला अवघ्या 12 लाखांत मिळाला.

यावर कोणी विचारेल, की मग डेन्व्हर त्याच वर्षी प्लेऑफमध्ये कसं पोचलं? प्रश्न रास्त आहे. त्यांचा नवा क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा मुख्य खेळाडू, विल्सनचीच जागा) बो निक्स त्याच वर्षीच्या ड्राफ्टमधून आला होता. 2011 पासून ड्राफ्टमधल्या पोरांचे करार ठरावीक पट्टीत असतात. निक्सचा चार वर्षांचा मिळून 1 कोटी 86 लाखांचा. सगळ्यात महागडी जागा स्वस्तात भरली, म्हणून बाकीचा डोलारा उभा राहिला. कॅप खोटी असती तर ही कसरत करायची गरजच नव्हती.

सेंट्सबद्दल. 2021 च्या सुरुवातीला ते मर्यादेच्या सुमारे 10 कोटी वर होते, आणि कोव्हिडमुळे मर्यादाच 19 कोटी 82 लाखांवरून 18 कोटी 25 लाखांवर आली होती. त्यांनी करार फिरवले, आत बसले, खरं आहे. बास्केटबॉलसारखा दंड भरून वर राहण्याचा पर्याय इथे नाही, त्यामुळे बसावंच लागतं. पण त्याच मार्चमध्ये ट्रे हेंड्रिक्सन गेला. आदल्या हंगामात 13.5 सॅक करणारा, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणारा, ऐन उमेदीतला माणूस. सिनसिनाटीने त्याला चार वर्षांसाठी 6 कोटींत घेतलं आणि तो त्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, खेळला. सेंट्स त्यानंतरच्या चारही हंगामांत प्लेऑफला नव्हते. जुन्यांची उधारी फेडायची म्हणून जुन्यांनाच ठेवायचं आणि तरण्यांना सोडायचं, हे बिघडणं नाही तर काय?

एक गोष्ट मात्र मान्य. मालकाकडे रोख असेल तर बोनस आधी देऊन जागा करता येते, आणि फिलाडेल्फिया ईगल्स हे फार हुशारीने करतात. फेब्रुवारी 2025 चा सुपर बोल त्यांनी उगाच जिंकला नाही. पण मर्यादा दरवर्षी वाढेल आणि आपण योग्य वयाच्या खेळाडूंवर पैसे लावले आहेत, या दोन्ही अंदाजांवर ती हुशारी चालते.

राहिला कंजूषपणा. ब्रॉक पर्डी 2022 च्या ड्राफ्टमधला शेवटचा, 262 वा खेळाडू. 2023 मध्ये त्याचा पगार होता 8 लाख 70 हजार, आणि त्या हंगामात तो आम्हाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. पहिल्या पसंतीच्या क्वार्टरबॅकवर दहा लाखही खर्च होत नव्हते, म्हणून त्याच संघात बोसा, वॉर्नर, किटल, मॅकॅफ्री, ट्रेंट विल्यम्स एकत्र मावत होते. मे 2025 मध्ये पर्डीला पाच वर्षांसाठी 26 कोटी 50 लाखांचा करार मिळाला. तो येणार हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणूनच त्याआधी, मार्चमध्येच, हुफांगा आणि ग्रीनलॉ डेन्व्हरला गेले, वॉर्ड इंडियानापोलिसला गेला, डीबो वॉशिंग्टनला. ज्या मालकांनी पर्डीला 26 कोटी 50 लाख दिले, त्यांना या चौघांसाठी कंजूष म्हणायचं?