पाणवठ्यावर वीस मिनिटं गप्प

मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात काही दिसत नाही, अशी तक्रार करणाऱ्या कुटुंबाला माझा एकच प्रश्न असतो: सुपेगावच्या फाटकाशी किती वाजता पोचलात? उत्तर ठरलेलं. अकरा. पहाटे साडेपाचला निघायचं असं रात्री ठरतं तेव्हाच जाणत्याने साडेआठ धरून चालावं. मग रेवदंड्याच्या अलीकडे नाश्ता, आणि काशीदला ‘पाचच मिनिटं’ समुद्र. काशीदच्या वाळूत कुठल्याही कुटुंबाची पाच मिनिटं पाऊण तासाच्या आत संपत नाहीत, कारण कुणाची तरी एक चप्पल हटकून लाटेबरोबर जाते.

अकरा वाजता शेकरू, म्हणजे झाडावरची ती मोठी खार, झोपलेलं असतं. राज्यप्राणी झालं म्हणून ते कार्यालयीन वेळ पाळत नाही. उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत खायचं, मग फांदीवर पोट टेकून पसरायचं आणि उन्हं कलली की पुन्हा कामाला लागायचं, असा त्याचा दिवस. शेपटीसकट मीटरभर लांबीचा हा प्राणी डोक्यावर असतो आणि खालून घरातली कर्ती माणसं जमिनीवर शोधत असतात. तो सहसा खाली उतरतच नाही. त्याला शोधायचं तर आधी घरटं शोधावं: उंच झाडावर, बारीक फांद्यांच्या टोकाशी, काटक्या-पानांचा मोठा गोळा. पण एकेक शेकरू अशी अनेक घरटी बांधून ठेवतं, त्यामुळे घर सापडलं तरी मालक भेटेलच असं नाही. त्यापेक्षा पायाखाली ताजी कुरतडलेली फळं पडलेली दिसली, तर तिथेच थांबून वर बघावं आणि लोंबणारी शेपटी हुडकावी. ही सूचना दिली की नऊ माणसं एकाच वेळी वर बघत चालू लागतात आणि पुढची दोन मुळाला अडखळून पडतात.

हे मुळात जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. १९८६ साली त्याचं अभयारण्य झालं. बंदुका गेल्या, पण माणसाची चाहूल लागली की सटकायचं हे जनावरं विसरलेली नाहीत, आणि एकत्र कुटुंबाचा आवाज ऐकून तर मलाही सटकावंसं वाटतं.

इथे पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत बाकीचं पाणी आटतं आणि जनावरं उरल्यासुरल्या पाण्यावर येतात, म्हणून बघायचं तर तेव्हा. बुद्धपौर्णिमेच्या रात्रीची पाणवठ्यावरची जनावरांची गणनाही त्याच हिशेबाने असते. कुटुंबं मात्र नाताळच्या सुट्टीत येतात. तेव्हा हवा छान असते, रानात पाणी जागोजाग असतं आणि गर्दी फक्त रस्त्यावर असते.

आता वाऱ्याचं. हे नीट ऐका, कारण इथे सगळं बिघडतं. सांबराचं, भेकराचं (हे छोटं हरीण) नाक आपल्या डोळ्यांपेक्षा फार पुढे. रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई वारा. म्हणून सकाळी पाणवठ्याच्या पश्चिमेला बसायचं. वास आपल्या पाठीमागे जातो. ऊन तापलं, साधारण अकराच्या पुढे, की खारा वारा समुद्राकडून आत येतो. तेव्हा जागा बदलून पूर्वेला. डोंगराच्या वळणामुळे वारा कधी फिरतो, म्हणून चिमूटभर पावडर हवेत सोडून बघावी. बाळाची पावडर प्रत्येक कुटुंबाजवळ असतेच. त्याच पिशवीत सुकटीची चटणीही असते. आत्याने डबा उघडला की वारा कुठूनही असो, सांबराने पोहोचपावती द्यायचीच बाकी राहते.

दडणीत, म्हणजे लपून बसायच्या आडोशात, निदान वीस मिनिटं न हलता बसावं लागतं. त्याआधी पक्षीसुद्धा परत येत नाहीत. पहिली तीन मिनिटं सगळे इमानदारीत बसतात. चौथ्या मिनिटाला कुरकुऱ्यांचं पुडकं हळू उघडलं जातं. पुडकं हळू उघडलं की आवाज तेवढाच होतो, फक्त लांबतो. म्हणून खाऊ घरूनच कापडी पिशवीत सुटा करून आणावा. सातव्या मिनिटाला धाकट्याला शू लागते. नवव्याला भाऊजी कुजबुजत विचारतात, “वाघ कधी येतो?” कुजबुजीतले ‘स’ आणि ‘श’ रानात लांबवर टोचतात, त्यापेक्षा खालच्या पट्टीत बोललेलं बरं. अकराव्या मिनिटाला आतून खणखणीत भुंकणं ऐकू येतं.

“गावातलं कुत्रं दिसतंय,” भाऊजी म्हणतात आणि उठतात.

ते भेकर असतं. धोका दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं, आणि इथे त्याच्या दृष्टीने मोठा धोका म्हणजे बिबट्या. त्या भुंकण्याच्या दिशेला डोळे लावून गप्प बसायचं, एवढ्यासाठी लोक मैलोन्‌मैल येतात. भाऊजी तोवर चहाचं विचारत असतात.

परतताना मात्र त्यांना बिबट्याचा पाय सापडतो. मातीत ठसा, त्याचे बारा फोटो. ठशात बोटांपुढे नखांचे टोक उमटलेले असले तर ते कुत्रं, मोबाईल ठेवून द्यावा. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. ठसा गोलसर असतो आणि तळव्याच्या गादीला मागच्या बाजूने तीन गोलाया दिसतात. हे सांगितल्यावर भाऊजी म्हणतात, “नखं कापली असतील.”

दुर्बिणीबद्दल थोडक्यात: ८ × ४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरे. वीसपटीची आणली तर हातातली थरथरही वीस पटीने दिसते. चष्मेवाल्यांनी डोळ्यांजवळची रबरी वाटी खाली करावी, नाहीतर आजीला काळोखच दिसतो आणि सून खोटं बोलते असं वाटतं.

थंडी सरता सरता आणखी एक पाहुणी भेटते: खाजकुइली. वाळलेल्या शेंगेवरची सोनेरी कुसं नुसती वाट चालतानाही अंगावर येतात. चोळू नये, चोळलं की पसरतात. चिकटपट्टी लावून उचलावी, पुन्हा नवी पट्टी, मग साबणाने धुवावं आणि कपडे वेगळे ठेवावेत. मुलगा खाजवत असताना चार वडीलधारी माणसं शेण, राख, खोबरेल आणि “काही होत नाही” असे चार उपाय एकदम सुचवतात. चिकटपट्टी गाडीत ठेवायची आठवण त्यांतल्या एकालाही नसते.

आत्याला मात्र या रानात जनावर बघायचं नसतंच. तिला कुड्याच्या शेंगा दिसतात, करवंदं दिसतात, आणि शेवटी गारंबी. गारंबीची वेल इथली खासच: जाड, पिळदार, झाडांना जखडून टाकणारी, आणि तिला मीटरभराहून लांब शेंगा. आतल्या तपकिरी बिया इतक्या टणक की समुद्रातून वाहत दूरच्या किनाऱ्याला लागतात आणि तिथेही रुजतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, कलम २९: अभयारण्यातून परवान्याशिवाय वनोपज बाहेर न्यायचा नाही. कलम ऐकून आत्या म्हणते, “एवढं मोठं रान, एका शेंगेनं काय भिकेला लागणार आहे?”

शेंग मीटरभर, पिशवी फूटभर. फाटकाजवळ आत्याचा पदर सरळ उभा राहतो. वनरक्षकाने असे ताठ पदर पुष्कळ पाहिलेले असतात. तो वही मिटतो आणि म्हणतो, “मावशी, झाड इथंच ठेवा, पदर घेऊन जा.”