थालीपीठाचे पैसे

गेल्या शुक्रवारी, ऐन गर्दीच्या वेळी, एका काकांनी माझ्या हॉटेलात, माझ्या गिऱ्हाइकाच्या ताटातलं थालीपीठ दोन बोटांनी उचललं, उलटं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "कच्चं आहे."

कच्चं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते.

हॉटेल इंग्लंडात, लेस्टरमध्ये. मी, नवरा, दीर आणि जाऊबाई असे चौघं मिळून चालवतो. जागा पूर्वी फिश अँड चिप्सवाल्याची होती, त्यामुळे अजूनही कुणीतरी दार ढकलून आत येतं, भिंतीवरचा वारीचा फोटो बघतं आणि चिप्स मागतं. बेलग्रेव्ह रोडवरचं भाडं झेपणारं नव्हतं. तिथे सगळं गुजराती राज्य. 1972 साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या पेपरात जाहिरात दिली होती की कृपा करून आमच्या गावी येऊ नका. झालं उलटंच. माणसं हजारोंनी आली आणि त्या रस्त्याला आज गोल्डन माइल म्हणतात. आपणही एक जाहिरात द्यावी, असं माझ्या मनात हल्ली येतं. 'मराठी माणसांनी कृपया येऊ नये.' कदाचित येतील.

कारण आपली माणसं येत नाहीत. पंजाबी हॉटेलात जाऊन पनीर बटर मसाल्याला बारा पौंड हसत देतील, वर टिप ठेवतील. पण पिठल्याला साडेआठ? "अहो, हे तर घरी होतं!" होतं ना. कोण करतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

तर काका. नाशिकचे, वीज मंडळातून निवृत्त. बोलण्यात अजूनही समोरच्याचं कनेक्शन तोडण्याचा अधिकार शाबूत. मुलाकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेत. मुलगा-सून कामावर गेले की घरात करमत नाही, म्हणून आमच्याकडे येतात. एक चहा घेतात. तो अडीच तास पुरवतात. मेन्यूकार्ड रोज नव्याने वाचतात आणि पौंडांचे रुपये करतात. "साडेआठ म्हणजे जवळजवळ हजार! हजार रुपयांत पिठलं! अगं, हजारात आमच्याकडे अख्ख्या आळीला पिठलं होईल."

मी एकदा समजावायला गेले. म्हटलं, काका, इथे कच्च्या बेसनावर व्हॅट शून्य. तेच बेसन शिजवून, गरम, टेबलावर वाढलं की वीस टक्के. काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "मग कच्चंच द्यायचं."

शुक्रवारी त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक साहेब आणि मडम बसले होते. दोघं सत्तरीच्या पुढचे, आले होते चिप्ससाठीच. माझ्या नवऱ्याने गोड बोलून, अर्धा तास खर्चून, त्यांना थालीपीठापर्यंत आणलं होतं. त्याआधी ॲलर्जीचा तक्ता दाखवायचा सोहळा झाला. इथे चौदा पदार्थांची यादी असते, त्यातलं काय कशात आहे ते सांगावंच लागतं. त्या यादीत शेंगदाणे आहेत, तीळ आहेत, गहू आहे आणि मोहरीसुद्धा आहे. म्हणजे आपली फोडणीच संशयित. हिंग निर्दोष म्हणावा, तर त्या डबीतही गव्हाचं पीठ मिसळलेलं. आमचा तक्ता बघून तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं होतं, "यातलं बिनधोक असं काय आहे?" जाऊबाई म्हणाल्या, "पाणी."

एवढ्या दिव्यातून पार पडून थालीपीठ टेबलावर पोचलं. वर लोण्याचा गोळा, कडेने वितळायला लागलेला. साहेबांनी काटा उचलला.

"एक्स्क्यूज मी," काका म्हणाले. "यू आर पेइंग फॉर धिस?"

साहेब म्हणाले, हो, अर्थात.

"हाऊ मच?"

साहेबांनी सांगितलं. काकांनी डोळे मिटून घेतले, एखाद्या मयताची बातमी ऐकावी तसे. मग खुर्ची ओढून थेट त्यांच्या टेबलाशी बसले आणि थालीपीठाचा पंचनामा सुरू केला. मधे एकच भोक आहे, पाच हवीत, नाहीतर तेल खालपर्यंत जाणार कसं? कांदा जाड चिरलाय. आणि मग ती दोन बोटं. लोण्याचा गोळा घसरून मडमच्या पर्सवर पडला. मी काउंटरवरून धावत पोचेपर्यंत काका त्यांना सांगत होते, "माय वाइफ मेक्स. क्रिस्पी. संडे यू कम. फ्री."

मी म्हटलं, "काका, अहो ते जेवतायत."

"जेवू दे की. मी कुठे अडवतोय? खरं काय ते सांगतोय फक्त."

मडमने पर्स पुसत माझा हात थोपटला. म्हणाली, तुझे वडील किती लाघवी आहेत. मी काकांकडे पाहिलं. 'मी हिचा वडील नाही' एवढं एक वाक्य या माणसाने म्हणावं, बस. काका नुसते हसले आणि म्हणाले, "शी इज लर्निंग."

पैसे साहेबांनी दिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, म्हणून मीच त्यांच्या चहाचे पैसे बिलातून वगळले. तर काकांनी स्वतःच्याही चहाचे वगळून घेतले.

लंडनमधलं पहिलं हिंदुस्थानी हॉटेल 1810 साली पाटण्याच्या दीन महंमद नावाच्या गृहस्थाने काढलं. हुक्का, वेताच्या खुर्च्या, सगळा थाट. 1812 मध्ये दिवाळं वाजलं. कारण असं सांगतात की हिंदुस्थानातून परतलेल्या ज्या गोऱ्या साहेबांवर त्याची भिस्त होती, त्यांच्या घरी हे पदार्थ रांधायला स्वयंपाकी होतेच. बाहेर येऊन पैसे कोण मोजणार? पुढे त्याने ब्रायटनला मालिशचं दुकान काढलं आणि राजाची चंपी करण्यापर्यंत मजल मारली. रात्री हिशेबाला बसलं की माझा नवरा ही गोष्ट हटकून काढतो. मालिश शिकून घ्यावं, असं त्याला अधूनमधून वाटतं.

तर रविवारी ते दोघं खरंच काकांकडे गेले. एकटे नाही, शेजारच्यांना घेऊन. काल काकू आल्या होत्या. काका बाहेर फोनवर बोलत होते, तेवढ्यात त्या काउंटरशी वाकून हळूच म्हणाल्या, "अगं, नऊ माणसांची थालीपीठं लावली गं मी. दोन वाजेपर्यंत तव्यापाशी उभी. तुमच्याकडे काही काम मिळेल का?"

मी म्हटलं, काकू, तुमचा व्हिसा पाहुण्यांचा आहे. त्यावर काम करता येत नाही.

"मग रविवारी केलं ते काय होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जाऊबाईंनी आतून त्यांना गरम थालीपीठ आणून दिलं. काकूंनी ते बसून, सावकाश, अख्खं खाल्लं. कच्चं वगैरे काही म्हणाल्या नाहीत. पर्स उघडून मोजके पैसे काउंटरवर ठेवले आणि मी नको म्हणत असताना माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने गल्ल्यात टाकले.

तेवढ्यात काका आत आले, खुशीत. येत्या रविवारी आणखी सहाजण येणार आहेत, साहेबांच्या क्लबातले. मडमने तर विचारलंय म्हणे, की तुमच्या मुलीच्या हॉटेलात या जेवणाचे पैसे का घेतात?

"तुमच्याकडे भाजणी असेल ना? दोन किलो बांधून दे. आणि हे बघ, घरच्या भावात लाव."

दिली बांधून. भाजणी कच्ची, त्यामुळे तिच्यावर व्हॅटही लावता येईना.