दार उचलून लावा

आमच्या प्रीमियर पद्मिनीत पुढे डावीकडे बसणाऱ्याला एकच सूचना असते: दार उचलून लावा. ओढणं, ढकलणं, आपटणं सगळ्यांना येतं. उचलायचं म्हणजे काय, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. ‘हो हो’ म्हणत माणूस आधी दार आपटतो. लागत नाही. मग जोरात आपटतो. तरी लागत नाही. मग दार मीच आतून धरून ठेवल्यासारखा माझ्याकडे बघतो. शेवटी मी उतरतो, वळसा घालून येतो, एक हात हँडलवर, एक दाराच्या खालच्या कडेला, गुडघ्याचा जरासा टेकू, आणि धडाम्! दुसऱ्या दिवशी समोरच्या बिल्डिंगमधले काका विचारतात, “काल साडेअकरा वाजले वाटतं यायला?”

बाकी गाडीची तक्रार नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर असलेली ही बाई पंधरा वर्षं उलटल्यापासून दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन आपण धडधाकट असल्याचा दाखला घेऊन येते. लोंबलं ते फक्त दार.

खरं तर आधी लोंबतं ड्रायव्हरचं दार, कारण सगळ्यात जास्त तेच उघडतं. आमच्याकडे डावीकडचं आधी गेलं, कारण आत्या. आत्याच्या मते मोटारीचं दार हे उतरताना धरून उठण्यासाठी दिलेलं असतं. ती दार सताड उघडते, पाय बाहेर टाकते, दोन्ही हातांनी काचेची चौकट वरून पकडते, “विठ्ठला” म्हणते आणि उठते. हा सगळा भार दाराच्या मोकळ्या टोकाला येतो आणि पेलायचा असतो दुसऱ्या टोकाच्या दोन बिजागऱ्यांनी. वरची बाहेर खेचली जाते, खालची आत दाबली जाते. पिन घासते, गोल भोक लांबट होतं. भोकात केसभर झोल आला, की लॉकच्या बाजूला तोच दुप्पट-तिप्पट होऊन दिसतो.

हे कळायला वेळ लागला, कारण मधे सोसायटी होती. गाडीचं बॉनेट उघडलं की चार माणसं जमतात. दार लागेना म्हटल्यावर निवृत्त इंजिनिअरांची बैठकच बसली. सगळ्यांचं बोट लॉककडे. “चौकटीवरची लॉकची पट्टी दोन सूत खाली घ्या, काम संपलं.” एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने ती घेतलीही. दार लागायला लागलं, पण खालची कड उंबऱ्यावर घासून रंग निघाला आणि मागच्या कोपऱ्यात वरती बोट जाईल एवढी फट पडली. पावसाळ्यात सिंहगड रोडवर तिथून थेट बसणाऱ्याच्या खांद्यावर अभिषेक. दुसऱ्या एका तज्ज्ञाने बिजागरीत लाकडाचा ठोकळा घालून दार वर दाबायचा उपाय सुचवला. जुने डेंटर हे करतात आणि लोखंड थोडंसं वाकलं असेल तर त्याने भागतंही. पण पिन घासलेली असेल तर दार महिन्याभरात पुन्हा मूळपदावर.

निदान केलं ते एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. त्यांनी लॉककडे पाहिलंसुद्धा नाही. दार अर्धं उघडलं, एका हाताने टोकाला धरून वर-खाली हलवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट वरच्या बिजागरीवर ठेवलं. टक, टक. “इथं हाताला लागतंय बघा. दार ज्या खांबाला टांगलंय त्या खांबाकडचे बोल्ट हलले असते तर नुसते आवळून भागलं असतं. खांबच हलला असता तर गंज.” मी खांबाकडे श्वास रोखून पाहिलं. खांब हलला नाही. “पिन आणा. नाहीतर अख्खी बिजागरी आणा.”

आणा! नाना पेठेत मागितली. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, “कुठली गाडी?” सांगितल्यावर मात्र मान वर केली. “साहेब, मुंबईच्या टॅक्सी होत्या तोवर माल फिरत होता हो.” मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. “जुन्या बाजारात बघा. बुधवारी नाहीतर रविवारी.” जुन्या बाजारात बिजागरी होती, पण तिचं भोक आमच्यापेक्षा लांबट. विकणारा म्हणाला, “ॲंटिक आहे.” भाव त्याने त्याच हिशेबाने सांगितला.

शेवटी मिस्त्रींनी लेथवाला गाठला. भोक जरासं मोठं करून त्यात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, आणि तिच्यात नवी पिन. दाराखाली जॅक, जॅकवर ठोकळा, ठोकळ्यावर गोधडी, कारण उरलेला रंग तरी वाचावा. बोल्ट सैल करण्याआधी त्यांनी बिजागरीच्या कडेने पेन्सिल फिरवली, म्हणजे परत बसवताना जागा चुकत नाही. एका वेळी एकच बिजागरी सोडली. दोन्ही एकदम सोडतो तो पुढे दार घेऊन रस्त्यावर उभा राहतो, असं ते म्हणाले. जुनी पिन दोन रात्री तेल पिऊन पंचाच्या ठोक्याने निघाली. मधोमध खरोखर कंबर बारीक झाली होती तिची. ग्रीस भरून दार लावलं, लॉकची पट्टी जुन्या जागी गेली, आणि दार दोन बोटांनी लागलं. खट्. काकांच्या माहितीचा मार्ग बंद.

जाताना मिस्त्री म्हणाले, “फक्त दाराला धरून कुणी उठू नका.” म्हणजे हे आत्याला सांगायचं. वयाने मोठ्या माणसाला ‘तुमच्या वजनाने’ हे शब्द न वापरता काय सांगणार? मी आतल्या बाजूला छताच्या कडेशी एक भक्कम मूठ बसवून घेतली आणि पुढच्या वेळी आत्याला मोठ्या कौतुकाने दाखवली. आत्याने तिला आपली पर्स अडकवली.

“बरं केलंस हो,” ती म्हणाली, “मला उठताना दोन्ही हात मोकळे लागतात.” आणि दार धरून उठली.