कोऱ्या पानावर सही कशी करू?

परत तेच! रात्री पावणेअकराला शाळेच्या पालक-ग्रुपवर इंग्रजी पीडीएफ येऊन पडली आणि सकाळी गेटवर विचारणा, "फॉर्म भरून आणला नाही?" महापालिकेची सेमी-इंग्रजी शाळा आहे. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. मग पालकांची सूचना मराठीत का नको? ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतात, म्हणजे शंका विचारायचीही सोय नाही. शेजारच्या ताई चार घरची धुणीभांडी करून येतात आणि फोन माझ्यापुढे धरतात, "यात पैसे भरायचेत का हो?" त्यांचा चेहरा बघून पोटात तुटतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक हवेत. मीही आहे त्या समितीत. हे सगळं तिथे मांडावं म्हटलं, तर बैठक होतच नाही, शिपाईकाका रजिस्टर घेऊन दारात येतात, "ताई, इथे सही करा." वर इतिवृत्ताची जागा कोरी! मी नाही म्हटलं, तर मुख्याध्यापकांचा फोन, "आमच्यावर विश्वास नाही का?" अहो सर, कोऱ्या पानावर कसला विश्वास ठेवू? बैठक घ्या, आमचं ऐकून घ्या, ते लिहा. मग लगेच सही करते.