‘व्यसनमुक्तीच्या संशोधनात नाव देऊ नका’ : त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या, भिशीच्या आणि कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. दारू किंवा ड्रग्ज सोडवण्याच्या उपचारांवर जे संशोधन चालतं, त्यात आपल्या माणसाचं नाव घालू नका, असं तो सांगतो. तिथे माणसाचा प्रयोगातला उंदीर करतात, एकदा सही केली की सुटका नाही, नाव पोलिसांत आणि कंपनीत पोचतं, पैशाच्या आमिषाने गरिबाला ओढतात, निम्म्या लोकांना नुसती साखरेची गोळी देतात. आणि शेवटी उपाय सुचवला आहे : चहातून गुपचूप द्यायची पावडर, ‘पिणाऱ्याला कळणारसुद्धा नाही’.

व्यसनात अडकलेल्यांच्या घरच्यांबरोबर मी काम करते. सातपूरची एक बाई हा मेसेज उघडून माझ्यासमोर धरून विचारत होती, “ताई, यांच्यावर जनावरासारखे प्रयोग करू राहिले का?” तिच्यासारख्या घाबरलेल्या माणसांसाठी एकेक मुद्दा घेते.

आधी उंदीर. ही भीती हवेतून आलेली नाही. आपल्या देशात लोकांना नीट न सांगता त्यांच्यावर औषधं तपासल्याच्या तक्रारी झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ पासून नियम आवळले गेले. आज नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागू आहेत. चाचणी सुरू होण्याआधी एथिक्स कमिटीची, म्हणजे भाग घेणाऱ्यांचे हक्क आणि सुरक्षितता पाहणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. त्या कमिटीत किमान सात जण हवेत. त्यांत एक कायदा जाणणारा, एक स्त्री, एक सामान्य नागरिक असावाच लागतो. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत, आणि अध्यक्षही बाहेरचाच. शिवाय २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणं बंधनकारक आहे. ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. तुम्हाला कुणी ‘संशोधन आहे’ म्हणून बोलावलं तर नोंदणी क्रमांक मागा. औषधाची चाचणी असून क्रमांक देत नसतील तर उठून घरी या, इथे मी त्या फॉरवर्डच्या बाजूने आहे.

‘सही केली की सुटका नाही’ हे मात्र साफ खोटं. सातपूरच्याच त्या घरात माहितीपत्रक आम्ही सोबत बसून वाचलं. मराठीत होतं. लिव्हरच्या तपासणीसाठी रक्त किती वेळा घेणार, मळमळ-डोकेदुखीची शक्यता किती, हा अभ्यास नको असेल तर दुसरे उपचार कोणते, सगळं लिहिलेलं. एका ओळीवर तिने बोट ठेवलं : कोणतंही कारण न देता केव्हाही बाहेर पडता येईल, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत फरक पडणार नाही. ही ओळ तिथे असणं कायद्याने सक्तीचं आहे. सही केलेल्या कागदांची प्रतही तुमच्याकडे द्यावी लागते. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवावं लागतं. दारूच्या अमलाखाली घेतलेली सही ही संमतीच नव्हे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई, हीही तरतूद आहे.

नाव फुटण्याचं भय मला सगळ्यात जास्त समजतं. अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या माणसाला ‘बेवडा’ हा शिक्का परवडत नाही. अशा अभ्यासांत नोंदी साधारणपणे नावाऐवजी सांकेतिक क्रमांकाने ठेवतात. एथिक्स कमिटी आणि औषध नियंत्रक मूळ कागद तपासू शकतात, तेही माहितीपत्रकात सांगितलेलं असतं. मालकाला ते बघायचा काहीएक हक्क नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी जोडलेले मानसिक विकार येतात, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचं बंधनही. पोलिसांचं म्हणाल तर अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४अ आहेच : सेवन किंवा अल्प प्रमाण एवढाच आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. माल विकणाऱ्याला ते नाही.

पैशांबद्दल फॉरवर्डवाल्याने दोन गोष्टींची गल्लत केली आहे. मोबदला घेऊन गोळ्या घेणारे निरोगी स्वयंसेवक असतात ते वेगळ्या चाचण्यांत, एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या रक्तात सारख्या उतरतात का हे पाहायला. व्यसनाच्या उपचारांच्या अभ्यासात रुग्ण येतात. त्यांना प्रवासखर्च, बुडालेला रोज असं मिळू शकतं, तेही कमिटीने मंजूर केलेलं. त्या पैशांसाठी कुणी जात असेल तर त्याने जाऊ नये, असंच मीही सांगते.

आता साखरेची गोळी. बहुतेक लोक इथेच बिचकतात, म्हणून थोडं सविस्तर. काही अभ्यासांत एका गटाला खरं औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, देतात हे खरं आहे. पण तो गट वाऱ्यावर सोडलेला नसतो. अमेरिकेतल्या कम्बाइन नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. दारूवर अवलंबून असलेले १,३८३ जण त्यात होते. प्लासिबो घेणाऱ्यांनाही डॉक्टर-नर्सच्या नियमित भेटी मिळत होत्या, आणि सगळ्याच गटांत पिणं बरंच कमी झालं. नॅलट्रेक्सोन या औषधाचा त्यापलीकडे फायदा दिसला. ज्याच्यावर मोठी आशा होती त्या ॲकॅम्प्रोसेट या दुसऱ्या औषधाचा तिथे दिसला नाही. तुलनेचा गट नसता तर हा फरक कुणालाच कळला नसता, आणि कोणत्या गोळीचा खरा उपयोग होतो हे न कळताच लोक पदरचे पैसे घालत बसले असते.

शिवाय प्रत्येक अभ्यास गोळीचा नसतोच. आपल्या शेजारी गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत सुमारे पावणेचारशे पुरुषांवर अभ्यास झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांनी समुपदेशन केलं तर उपयोग होतो का, हा प्रश्न होता. २०१७ मध्ये उत्तर छापून आलं : तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटातले ३६ टक्के धोकादायक पिण्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले २६ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार आपल्याकडे दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळतात. तिथे ही माहिती सोन्याच्या मोलाची आहे.

आणि एमडीचं, म्हणजे मेफेड्रोन या ड्रगचं, काय करायचं? २०२३ च्या ऑक्टोबरात शिंदे गावातला एमडीचा कारखाना मुंबई पोलिसांनी उघडा पाडला तेव्हा नाशिककर हादरले. त्या मेफेड्रोनचं व्यसन सोडवण्यासाठी मान्यता मिळालेलं एकही औषध आज नाही. ते यायचं असेल तर कुणीतरी अभ्यासात भाग घेतल्याशिवाय येणार नाही.

राहिली चहातली पावडर. तिच्यात काय आहे, मेसेजमध्ये अक्षर नाही. डायसल्फिरम हे दारू सोडवण्याचं औषध असेल तर नीट ऐका. ते पोटात असताना दारू प्यायली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचतं. चेहरा लालबुंद होतो, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. डॉक्टर हे औषध देतात, पण रुग्णाला सगळं सांगून. त्याच्या नकळत ते कधीही द्यायचं नाही. ज्या मेसेजला माणसाचा उंदीर झालेला खपत नाही, तोच नवऱ्याला न विचारता, न सांगता, मात्रा ठाऊक नसलेली वस्तू पाजायला सांगतो. याचा मला मनापासून राग येतो.

कुणी पावडर सुरू केली असेल तर आजच थांबवा. पुडी, डबी जे असेल ते घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जा, शेवटची कधी दिली ते सांगा, आणि तोवर त्या माणसालाही कळू द्या. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका फटक्यात तोडू नका. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. कुठे जायचं समजत नसेल तर १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन मोफत लागतो.